हृदय 'सैल पडतं' म्हणजे नेमकं काय करतं? (आईच्या एको रिपोर्टवरून पडलेला प्रश्न)

भिंगरी

नमस्कार मंडळी. आईचा (वय ६८, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू) रूटीन टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याचं माप) ६० टक्के, व्हॉल्व नॉर्मल, सगळं नॉर्मल नॉर्मल लिहीत आले आणि शेवटच्या ओळीत "ग्रेड वन एलव्ही डायस्टोलिक डिसफंक्शन". डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, बीपी सांभाळा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आईने घरी येऊन 'डिसफंक्शन' एवढा एकच शब्द वाचला आणि दोन रात्री झोपली नाही.

मी वाचायला बसले तर कळलं की हृदयाचा मोठा डावा कप्पा दोन ठोक्यांच्या मधे नीट रिलॅक्स होत नाहीये असा त्याचा अर्थ. आता माझा बाळबोध प्रश्न असा की आकुंचन पावणं हे काम आहे हे समजतं, पण सैल पडणं म्हणजे काम थांबवणंच ना? मग काही न करण्यात बिघाड कसा होतो?

उलटसुलट

काही न करण्यातसुद्धा नापास होता येतं हे माझ्या प्रगतिपुस्तकाने केव्हाच सिद्ध केलंय. बाकी प्रश्न चांगला आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत खुर्ची धरून बसतोय.

जुना_स्टेथो

भिंगरीताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही तो नीट पडत नाही हीच अडचण आहे. सगळं लक्ष ईएफवर असतं.

बीपी मोजायचं जुनं मशीन आठवा, त्याला हातात धरायचा काळा रबरी फुगा असतो. दाबला की हवा पट्ट्यात जाते. मग आपण फक्त पकड सोडतो आणि फुगा आपोआप पुन्हा गोल होतो, आणि गोल होता होता बाहेरची हवा स्वतःत ओढून घेतो. ही 'ओढ' कुठून आली? दाबताना रबरात साठली तिथूनच. आता तोच फुगा वीस वर्षं जुना, रबर कडक झालंय असा घ्या. दाबता येतो, जोर लावला की हवाही जाते, पण सोडल्यावर हळूहळू कुंथत कुंथत फुगतो, आणि तुम्हाला भराभर दाबायची घाई असेल तर तो अर्धवट भरलेला असतानाच पुढची दाब येते. ईएफ म्हणजे भरलेल्यातलं किती टक्के बाहेर टाकलं ते. भरलंच कमी तरी टक्केवारी झकास येऊ शकते. म्हणून ईएफ ६० आणि तरी डायस्टोलिक डिसफंक्शन, यात विरोधाभास काही नाही.

आईंबद्दल थोडक्यात: धाप नाही, पाय सुजत नाहीत, तर ग्रेड वन म्हणजे हार्ट फेल्युअर नाही. साठी ओलांडलेल्या आणि बीपी असलेल्या माणसांत ही ओळ फार वेळा दिसते. शब्द भीतीदायक आहे हे मान्य.

सायन्सकिडा

स्टेथोकाकांचा फुगा मस्त, पण अर्धीच गोष्ट सांगतो. क्षमस्व, मी फिजिऑलॉजी शिकवते त्यामुळे इथे गप्प बसवत नाही. पोस्ट लांबणार आहे.

रबरी फुगा सोडला की झालं, तिथे पैसा लागत नाही. हृदयाच्या स्नायूला मात्र सैल पडायला रोख पैसे मोजावे लागतात, आणि तो पैसा म्हणजे एटीपी, पेशीचं इंधन. स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे धागे असतात, अॅक्टिन आणि मायोसिन. मायोसिनच्या मुंड्या अॅक्टिनला पकडून ओढतात की आकुंचन होतं. ही पकड *सुटायला* मायोसिनला नवा एटीपी चिकटावा लागतो. एटीपी नसेल तर पकड तशीच राहते. याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा म्हणजे मेल्यावर शरीर ताठरतं. एटीपी संपला, मुंड्या अडकल्या त्या अडकल्या. म्हणजे ताण ही स्नायूची कमाई आणि सैलपणा फुकटचा असं जे आपल्याला वाटतं ते पेशीच्या पातळीवर जवळजवळ उलटं आहे.

हे झालं एक. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कॅल्शियम. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिनला जाऊन बसतं (हो, हार्ट अटॅकच्या टेस्टवालं ट्रोपोनिन त्याच कुटुंबातलं) आणि मग पकडापकडी सुरू होते. ठोका संपवायचा तर हे कॅल्शियम पुन्हा उचलून कोठारात भरायला हवं, आणि कोठारात ते आधीच खच्चून भरलेलं असतं, म्हणजे चढावर ढकलायचं. हे काम करणारा एक पंप आहे, नाव सर्का. तो एटीपी जाळतो. काही कॅल्शियम सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जातं पण मोठा वाटा सर्काचाच. त्याच्यावर एक ब्रेक बसवलेला असतो, फॉस्फोलँबन. तुम्ही धावायला लागलात, अॅड्रिनलिन आलं, की हा ब्रेक निघतो आणि सर्का सुसाट सुटतो. म्हणून अॅड्रिनलिनने हृदय नुसतं जोरात आवळत नाही, ते *लवकर सैलही* पडतं. आणि पडायलाच हवं, नाहीतर वाढलेल्या ठोक्यांत भरायचं कधी?

आकडे बघा. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यात साधारण ०.३ आवळायचे आणि ०.५ सैल पडून भरायचे. ठोके १५० झाले की एकूण ०.४ च उरतात. आवळण्याचा वेळ थोडासाच आटतो, खरी कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. वय झालेल्या हृदयात सर्का मंदावलेला असतो. बसल्या जागी काहीच कळत नाही कारण वेळ भरपूर आहे, जिने चढताना कळतं.

आता काकांचा फुगा परत आणते, कारण तोही खराच आहे. पेशीत टायटिन नावाचं एक प्रोटीन असतं, माणसाच्या शरीरातल्या प्रोटीन्समध्ये सगळ्यात अवाढव्य, आणि ते अक्षरशः स्प्रिंगसारखं वागतं. आवळताना दबतं, सुटल्यावर उसळतं. शिवाय डावा कप्पा नुसता आत येत नाही, तो ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जातो, वरचं टोक एकीकडे आणि खालचं टोक दुसरीकडे फिरतं. मग पीळ सुटतो, आणि गंमत म्हणजे पीळ सुटायला सुरुवात होते तेव्हा वरची झडप अजून उघडलेलीही नसते! दोन्ही दारं बंद, आत रक्त जेवढं होतं तेवढंच, आणि खोलीतला दाब धाडकन १०० च्या आसपासवरून दहाच्याही खाली. हा टप्पा सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात उरकतो. मग दार उघडतं आणि रक्त आत *खेचलं* जातं.

थोडक्यात फुगा आहे, पण प्रत्येक वेळी सोडण्यासाठी बोटांना स्वतंत्र मजुरी द्यावी लागते असा फुगा आहे.

संपादन: कोणी कर्णिका-जवनिका म्हणतं कोणी अलिंद-निलय, मी सरळ वरचा कप्पा खालचा कप्पा म्हणतेय, भाषाप्रेमींनी सांभाळून घ्या.

भिंगरी

बापरे. दोनदा वाचलं. म्हणजे दिवसाला लाखभर वेळा कोणीतरी हे कॅल्शियम बाहेर काढून पुन्हा आत भरतंय आणि मी त्याला 'आराम' म्हणत होते.

उलटसुलट

थांबा थांबा, मला एक शंका. हृदय रक्त *खेचतं* असं म्हणताय? जुन्या काळी गेलेन (प्राचीन ग्रीक वैद्य) आणि मंडळींचा समज असाच काहीतरी होता ना, की हृदय फुगतं तेव्हा मुख्य काम करतं आणि रक्त ओढून घेतं? मग १६२८ मध्ये हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरसाहेबांनी पुस्तक लिहून सांगितलं की बाबांनो उलटं आहे, आवळणं हे काम. आणि आता तुम्ही पुन्हा गेलेनला मागच्या दाराने आत घेताय.

सायन्सकिडा

पकडलंत! हार्वे बरोबरच होता, रक्त फिरतं ते आवळण्यामुळे. पण त्यानंतर भरण्याकडे सगळ्यांनी जी पाठ फिरवली ती फारच लांबली. खेच आहे हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत झडप बंद ठेवून दाखवलंय, रक्त आत येऊच दिलं नाही तर सैल पडलेल्या कप्प्यातला दाब शून्याखाली जातो. गेलेनचं रक्ताभिसरण साफ चुकीचं होतं. फुगताना हृदय निष्क्रिय नसतं एवढा भाग मात्र वेगळ्या अर्थाने परत आला. मागच्या दाराने नाही, नव्या ओळखपत्रावर.

प्रोब_वाली

मी एको करते, रोज वीसेक तरी. धाग्यावर एको म्हणजे काय ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही बघून अंदाजे ग्रेड टाकतो 🙂

झडपेतून रक्त आत येतं त्याचा वेग डॉप्लरने (ध्वनिलहरींनी वेग मोजायची पद्धत) मोजतो. स्क्रीनवर दोन डोंगर दिसतात. पहिला ई, कप्पा सैल पडल्यावर जे रक्त झपकन आत येतं ते. मग थोडी शांतता. मग दुसरा ए, वरचा कप्पा शेवटी एक धक्का मारून उरलंसुरलं खाली ढकलतो तो. तरुण माणसाचा ई उंच आणि ए बुटका. वय वाढत जातं तसा ई खचत जातो, ए वाढत जातो, साठीच्या पुढेमागे दोघं बरोबरीला येतात आणि मग ए पुढे निघून जातो. खालचा कप्पा सुस्तावला म्हणून वरचा जास्त ढकलतोय. भिंगरी, तुमच्या आईचं हेच असणार, ई/ए ०.८ किंवा कमी आणि ई स्वतःही छोटा.

खरा लोचा पुढे आहे. आजार वाढला, वरच्या कप्प्यातला दाबच वाढला, की तो दाब रक्ताला जोराने आत लोटतो आणि ई परत उंच होतो. चित्र पुन्हा तरुणासारखं दिसायला लागतं! याला स्यूडोनॉर्मल म्हणतात, ग्रेड टू. म्हणजे नुसतं ई/ए बघून पस्तिशीचा धडधाकट माणूस आणि पंच्याहत्तरीचा आजारी माणूस सारखेच. आणखी वाढलं की ई ए च्या दुप्पट किंवा जास्त, तो ग्रेड थ्री.

मग फसवणूक कशी पकडायची, तर स्नायूचा स्वतःचा वेग मोजतो, झडपेच्या कडेला प्रोबचा नेम धरून. त्याला ई प्राइम म्हणतात. रक्ताला मागून ढकलून पळवता येतं, स्नायूला ते सोंग तितकंसं जमत नाही. मधल्या भिंतीकडे ७ सेंमी प्रति सेकंदाखाली किंवा बाहेरच्या भिंतीकडे १० च्या खाली आला तर मंद. ई भागिले ई प्राइम सरासरी १४ च्या वर गेलं तर आत दाब वाढलाय असं धरतात. सोबत वरच्या कप्प्याचं आकारमान, शरीराच्या मानाने ३४ मिली प्रति चौरस मीटरपेक्षा मोठा झालाय का, आणि ट्रायकस्पिडच्या (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेच्या) गळतीचा वेग २.८ मीटरच्या वर आहे का. हे २०१६ च्या गाइडलाइनचे आकडे आहेत. एकट्या आकड्यावर कोणी निकाल देऊ नये असं त्यातच लिहिलंय तरी लोक देतात.

मला विचाराल तर मी वरचा कप्पा आधी बघते. साखरेच्या पेशंटला आजची साखर सांगण्यापेक्षा एचबीएवनसी कसं तीन महिन्यांची कुंडली सांगतं, तसा वरच्या कप्प्याचा आकार कितीतरी महिन्यांचा दाब साठवून ठेवतो. डोंगर आजचे, कप्पा जुना हिशोब.

भिंगरी

@प्रोब_वाली, आत्ता रिपोर्ट काढून बघितला. ई/ए ०.७, ई/ई प्राइम ९, लेफ्ट एट्रियम नॉर्मल साइझ. म्हणजे?

प्रोब_वाली

म्हणजे सैल पडायला उशीर होतोय पण मागे दाब तुंबलेला नाही. निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, पण मी तुमच्या जागी असते तर झोपले असते.

धापाड्या

धाग्याच्या नावातच मी आहे असं वाटलं म्हणून लिहितो. माझं वय ६३, वजन भरपूर, शुगर, बीपी तिन्ही. चार वर्षांपूर्वी एक जिना चढला की धाप लागायची, रात्री दोन उशा लागायच्या. एको केला तर ईएफ ६२. सगळे म्हणाले हार्ट फर्स्ट क्लास आहे, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका, एकाने तर अॅसिडिटीची गोळी दिली. जवळपास दीड वर्ष मी स्वतःला आळशी समजत होतो, घरचेही समजत होते. शेवटी एका डॉक्टरांनी पाय दाबून सूज बघितली, एनटी प्रो बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावली, एको परत केला आणि सांगितलं की हे हार्ट फेल्युअर आहे, प्रिझर्व्ड ईएफवालं. मी म्हटलं अहो ईएफ तर नॉर्मल आहे, ते म्हणाले म्हणूनच तर नाव तसं आहे.

मला एकच विचारायचंय, खालचा कप्पा कडक झाला तर धाप *फुफ्फुसात* का लागते?

जुना_स्टेथो

धापाड्या, तुमच्यासारखे पेशंट मीही सुरुवातीच्या वर्षांत असेच परत पाठवले असतील, लिहिताना लाज वाटते. आता माहीत आहे की हार्ट फेल्युअरच्या पेशंटांत जवळजवळ निम्म्यांचं ईएफ नॉर्मल असतं.

फुफ्फुसाचं असं आहे. भरताना झडप उघडी असते, त्यामुळे तेवढा वेळ वरचा कप्पा आणि खालचा कप्पा ही एकच खोली. आणि फुफ्फुसातून येणाऱ्या नसांना झडपाच नसतात. म्हणजे खालच्या खोलीत दाब वाढला तर तो अडवायला मधे कोणी नाही, सरळ फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. तिथे दाब वाढला की पाणी बाहेर झिरपतं, फुफ्फुस जड होतं, धाप लागते. बसून असताना दाब ठीक असतो, चालायला लागलं की वाढतो, आडवं झालं की पायातलं रक्त वर येतं आणि वाढतो. तुमच्या दोन उशा त्यासाठी.

फिरस्ती_चप्पल

मग उपाय काय? कडक रबर मऊ होतं का परत? आणि ठोके कमी केले तर भरायला वेळ मिळेल, म्हणजे बीटा ब्लॉकर घेतला की प्रश्न मिटला असं माझं लॉजिक, बरोबर आहे का?

जुना_स्टेथो

लॉजिक सुंदर आहे आणि आमच्या पिढीने तेच वापरलं. पण सायन्सकिडाताईंचा फॉस्फोलँबन आठवा, बीटा ब्लॉकरने अॅड्रिनलिनचा आवाज बंद केला की तो ब्रेकही लागलेलाच राहतो. शिवाय चालताना ठोके वाढायला हवेत तेच वाढत नाहीत. नॉर्मल ईएफच्या फेल्युअरमध्ये नुसत्या त्या कारणासाठी दिल्याने फायदा सिद्ध झालेला नाही. (एएफ म्हणजे वरच्या कप्प्याचे अनियमित ठोके, एंजायना म्हणजे रक्त कमी पडून छातीत दुखणं, अशी दुसरी कारणं असतील तर गोष्ट वेगळी, आणि कोणीही हे वाचून स्वतःची गोळी बंद करू नये, एकदम बंद केल्यास ठोके उसळतात.)

ज्याचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसला ती औषधं मजेशीर वाटेने आली. मुळात मधुमेहासाठी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी. एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी २०२१ मध्ये आली, डापाग्लिफ्लोझिनची २०२२ मध्ये, दोन्हीत मधुमेह नसलेलेही पेशंट होते. हार्ट फेल्युअरसाठी अॅडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण कमी झालं, मृत्यू मात्र ठळकपणे कमी झाले नाहीत. आणि ही लक्षणं असलेल्या पेशंटांची गोष्ट आहे. नुसत्या रिपोर्टवरच्या ग्रेड वनसाठी औषध नसतं, त्यामागचं बीपी, वजन, शुगर यांनाच धरायचं. बीपी सतत जास्त राहिलं की भिंत जाड होते, जाड भिंत सैल पडायला जड.

सायन्सकिडा

रबर मऊ होतं का, याला एक आशादायक उत्तर आहे. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बैठं काम करणारी ४५ ते ६४ वयाची निरोगी माणसं घेतली, दोन वर्षं आठवड्यातले चार-पाच दिवस नीट आखलेला व्यायाम, त्यात मधूनमधून चांगली धाप लागेल असाही. डाव्या कप्प्याचा कडकपणा मोजून कमी झाला. ज्यांना फक्त योगा-बॅलन्स वगैरे दिलं त्यांचा नाही झाला. लोक थोडेच होते, साठेक, आणि ही आजारी माणसं नव्हती हे लक्षात ठेवा.

आणखी एक, जे मला वर लिहायचं राहिलं. रक्तपुरवठा कमी पडला तर आधी सैल पडणं बिघडतं, मग आवळणं, मग ईसीजी बदलतो आणि छातीत दुखतं ते सगळ्यात शेवटी. महागडं काम आधी बंद पडतं. त्यात दैवदुर्विलास असा की डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः मिळतं तेही ती सैल असतानाच, आवळल्यावर तिच्याच आतल्या नळ्या चिमटल्या जातात.

उलटसुलट

म्हणजे दुसऱ्यांना रक्त वाटायचं काम करताना स्वतः उपाशी, आणि मधल्या सुट्टीत काय ते जेवायचं. बरं. आज बऱ्याच वर्षांनी एखादा धागा वाचून छातीवर हात ठेवून बसलोय आणि दुखत नाहीये.

भिंगरी

आईला काकांचा फुगा सांगितला. घरात बटणवालं मशीन आहे त्यामुळे दाखवायला फुगाच नाही, शेवटी औषधाच्या ड्रॉपरवर काम भागवलं. तिने चार-पाच वेळा दाबून सोडून बघितला आणि म्हणाली "मग माझा हळू फुगतो एवढंच ना, मीही आता हळूच उठते बसते." काल झोपली. सगळ्यांचे खूप आभार.

धापाड्या

जाता जाता एक. मला गेल्या वर्षीपासून एएफ पण आहे, ठोके अनियमित. नव्या रिपोर्टमध्ये ई लिहिलाय पण ए आणि ई/ए ची जागा कोरी सोडलीय. घाईत विसरले का? परत करून घेऊ?

प्रोब_वाली

विसरले नाहीत, त्यांनी बरोबर केलंय. एएफमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, शेवटचा धक्का मारतच नाही, त्यामुळे दुसरा डोंगर स्क्रीनवर उमटतच नाही. ए नाही तर ई/ए कुठून काढणार. तुमचा खालचा कप्पा त्या धक्क्यावर बराच अवलंबून होता म्हणून एएफ सुरू झाल्यावर धाप वाढली असेल तर डॉक्टरांना तारीख-महिन्यासकट सांगा, आणि पुढच्या वेळी ई प्राइम अनेक ठोक्यांची सरासरी घेऊन काढायला सांगा, एका ठोक्यावर नको.

धापाड्या

वाढली होती. दिवाणावरून उठून दारापर्यंत जाताना, त्याच महिन्यात. तारीख शोधतो.